तणाचं बी खाणारे भुंगेरे आणि आपली झाडलोटीची हौस

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या लादीवर, काळा चकचकीत किडा. खाली प्रश्न: "झुरळ आहे का हे?" लगेच कोणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकतं. कोणी म्हणतं, चावतो, मुलांना लांब ठेवा. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी मूठभर मेलेले किडे सुपलीत गोळा करून कचऱ्यात टाकतात.

त्या मुठीत चार-पाच वेगळ्या कुळांचे जीव असतात. हुमणीचे तपकिरी, जाडजूड भुंगेरे असतात, शेणकिडे असतात, दिव्याला भुललेले पाणभुंगेरेही असतात. त्यांतच सडपातळ, लांब पायांचे, हात लावायच्या आत पळणारे काही असतात. ते जमिनीवरचे भुंगेरे. शास्त्रीय वर्गीकरणात त्यांच्या कुळाचं नाव कॅराबिडी. जगात त्यांच्या सुमारे ४०,००० जाती आहेत. बहुतेक जाती शिकारी: अळ्या, मावा, गोगलगाई, जे सापडेल ते. पण या कुळातल्या काही शाखा बी खातात, आणि जमिनीवर पडलेलं बी म्हणजे बहुतांशी तणाचं बी.

गेल्या काही वर्षांत तणनाशकांवरून आपल्याकडे बराच वाद झाला. ग्लायफोसेट हे जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं तणनाशक. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याची फवारणी फक्त कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांनीच करावी, अशी अधिसूचना काढली. निंदणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण त्या अधिसूचनेने सुटली नाही. औषधाशिवाय तण आटोक्यात ठेवायचं कसं, यावर जिथे गंभीरपणे काम चालतं तिथे या भुंगेऱ्यांचं नाव निघतं. मुंबईकराने यात का लक्ष घालावं, ते पुढे येईलच.

ओळखायचे कसे

झुरळाचं अंग चपटं असतं आणि पंख मऊसर, एकावर एक चढलेले. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक कवच बनलेले असतात आणि पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत मिळतात. ही रेषा दिसली की झुरळ नाही, एवढं नक्की. जमिनीवरच्या भुंगेऱ्याच्या कवचावर बहुधा लांबीच्या दिशेने बारीक खाचा असतात, मिशा दोऱ्यासारख्या सरळ असतात आणि जबडे डोक्याच्या पुढे निघालेले असतात. बी खाणाऱ्या जाती सहसा पाच मिलिमीटर ते दीड सेंटीमीटर लांबीच्या. रंग काळा किंवा गडद तपकिरी, कधी पितळी झाक. एकूणात दिसायला साधे, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत.

आपल्या दिव्यावर येणारा या कुळातला एक ठळक सदस्य म्हणजे क्लेनियस: हिरवट चमकदार, काही जातींना पिवळी किनार, आणि धरला की बोटांना उग्र वास. तो शिकारी आहे, बी खाणारा नव्हे. दोन्ही प्रकार एकाच दिव्याखाली सापडतात.

आणि तो अंगावर फोड उठवणारा किडा? तो वेगळाच. त्याचं नाव पेडेरस. जेमतेम सेंटीमीटरभर लांब, बारीक, नारिंगी-काळा, पंख अगदी आखूड असल्यामुळे पोट उघडं दिसतं. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातल्या द्रव्याने कातडी भाजते. पावसाळ्यात मुंबईतल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा जळजळीचे रुग्ण येतात. दिव्याखालच्या सगळ्या काळ्या किड्यांना त्याची शिक्षा मिळते.

जमिनीवरच्या भुंगेऱ्यांतही एक तापट शाखा आहे, तोफवाले भुंगेरे. पोटातली दोन रसायनं एकत्र करून ते मागच्या टोकातून जवळपास उकळत्या पाण्याइतका गरम फवारा सोडतात. भारतात फेरोप्सोफस हा त्यांचा प्रतिनिधी. पिवळा-काळा, उठून दिसणारा. त्याला बोटाने डिवचू नये. बी खाणारे मात्र असं काही करत नाहीत.

दाणा फोडण्याचं काम

शिकारी भुंगेऱ्याचे जबडे लांब, टोकदार आणि वळलेले असतात. बी खाणाऱ्याचे आखूड, रुंद आणि बोथट. अडकित्त्यासारखे म्हणा: टोकाने पकडायचं नाही, मुळाशी दाबून फोडायचं. असा भुंगेरा भिंगाखाली बघण्यासारखा असतो. तो दाणा आधी तोंडाजवळच्या छोट्या स्पर्शकांनी चाचपतो. मग पुढच्या पायांच्या आधाराने गोल गोल फिरवत राहतो, टरफलाची कमकुवत जागा मिळेपर्यंत. ती मिळाली की एका बाजूने फोडतो आणि आतला गर कुरतडत संपवतो. मागे टरफलाचे तुकडे तिथेच पडलेले असतात. मुंगी दाणा अख्खा उचलून वारुळात नेते. बी कोणी खाल्लं हे ओळखायला हा फरक कामाला येतो.

कुठलंही बी चालतं असं नाही. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी पत्र्याच्या छोट्या ताटल्यांत प्लॅस्टिसिनमध्ये, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मऊ मातीत, वेगवेगळ्या तणांचं बी रोवून भुंगेऱ्यांपुढे ठेवलं आणि काय उरतं ते मोजलं. मोठे भुंगेरे मोठ्या दाण्याकडे जातात, छोटे छोट्याकडे. अमारा नावाच्या लहान भुंगेऱ्यांना बारीक बी लागतं, हार्पालस त्याहून मोठं फोडतो. काही जाती जमिनीवर वाट बघत न बसता सरळ झाडावर चढून कणसातलंच बी खातात. ओफोनस गटातले भुंगेरे रानगाजराच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यात असे सापडतात. अमेरिकेतल्या हार्पालस पेन्सिल्व्हॅनिकस या जातीवरच्या प्रयोगांत असं दिसलं की कोरड्या बियांपेक्षा पाणी पिऊन फुगलेलं बी तो पसंत करतो. आणि त्याची अळी तर बी गोळा करून आपल्या बिळात साठवते.

हे भुंगेरे शुद्ध शाकाहारी मात्र नव्हेत. मावा, लहान अळ्या, इतर किड्यांची अंडी हेही त्यांच्या खाण्यात असतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट, कारण तणाला बी नसलेल्या महिन्यांतही ते शेतात टिकून राहतात.

बी पडल्यापासून गाडलं जाईपर्यंत

तणाची ताकद त्याच्या बियांच्या संख्येत असते. गाजरगवताचं एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देऊ शकतं. चाकवत आपण ताकातल्या भाजीसाठी आणतो, पण जगभरच्या शेतकऱ्यांसाठी ते एक त्रासदायक तण आहे आणि तेही हजारोंनी बी टाकतं. यांतलं थोडंच बी त्या वर्षी उगवतं. बाकीचं मातीत झोपून राहतं. मातीतल्या या शिल्लक बियांना बीजसाठा म्हणतात. अमेरिकेत विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तणाचं बी बाटल्यांत भरून पुरून ठेवलं होतं. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तर १४२ वर्षांनंतरही काही बी रुजलं. तणनाशक उगवलेलं रोप मारतं. या साठ्याला त्याने धक्का लागत नाही.

भुंगेरा नेमका इथे येतो. बी झाडावरून पडतं आणि काही दिवस, कधी काही आठवडे, मातीच्या वर असतं. मग पावसाच्या थेंबांनी, भेगांतून किंवा नांगराने ते खाली जातं. एकदा सेंटीमीटरभर खाली गेलं की भुंगेऱ्याच्या हाती सहसा लागत नाही. म्हणजे जे खायचं ते या मधल्या मुदतीत. कापणी होताच शेत नांगरलं तर ताजं बी आपणच खाली सुखरूप ठेवून देतो, शिवाय मातीतल्या अळ्या आणि कोष मरतात ते वेगळंच.

हे प्रत्यक्ष शेतात कितपत घडतं? ब्रिटनमध्ये अडीचशेहून अधिक शेतांतली बीट, मका आणि मोहरीवर्गीय पिकांची आकडेवारी तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे हे भुंगेरे जास्त, तिथे मातीतला तणांचा बीजसाठा कमी वाढला. गवतवर्गीय तणांत हा परिणाम जास्त स्पष्ट होता. भुंगेऱ्यांनी शेत तणमुक्त केलं, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी साठ्यात पडणारी भर ते कमी करतात, आणि साठा वर्षानुवर्षं टिकणारा असल्यामुळे ही कपात महत्त्वाची ठरते.

राहतात कुठे

दिवसा हे भुंगेरे दगडाखाली, गवताच्या बुडख्यात, पाल्याखाली, मातीच्या भेगांत दडून असतात. रात्री बाहेर पडतात. दिवसाचा आडोसा आणि रात्रीचं खाणं यांत अंतर फार नसावं, कारण बरेचसे चालतच फिरतात.

इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस हॅम्पशायरमध्ये एक साधा प्रयोग झाला. मोठ्या शेताच्या मधोमध फूट-सव्वा फूट उंचीचा, दीड-दोन मीटर रुंद मातीचा पट्टा घातला आणि त्यावर गठ्ठ्यांनी वाढणारं गवत लावलं. दोन-तीन वर्षांत हिवाळ्यात तिथे एका चौरस मीटरला हजाराहून जास्त भुंगेरे, कोळी आणि इतर शिकारी जीव मुक्काम करू लागले. मूळ हेतू मावा खाणाऱ्यांना घर देण्याचा होता. बी खाणाऱ्यांचाही फायदा झाला. इंग्रजी शेतीत याला आता सरकारी अनुदान मिळतं. आपल्याकडे हाच पट्टा पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याला बांध म्हणतात. आता एक तर तो खणून-खणून वीतभर उरलाय, नाही तर त्यावर तणनाशक मारलेलं असतं.

पण सगळ्यांनाच शांत गवताळ पट्टा हवा असतो असंही नाही, आणि मला हा भाग सर्वांत गमतीशीर वाटतो. इंग्लंडच्या पूर्वेला ब्रेकलँड नावाचा रेताड प्रदेश आहे. तिथे हार्पालस फ्रोलिकी ही दुर्मीळ जात राहते. तिला उघडी, रेताड, अधूनमधून उकरली जाणारी जमीन लागते, कारण तिच्या आवडीचं चाकवताचं बी अशाच जागी येतं. जमीन अगदीच सोडून दिली, गवत-झुडूप दाटलं, की ती जाते. लंडनमध्ये पडीक कारखान्यांच्या जागांवर काही दुर्मीळ भुंगेरे टिकून आहेत तेही याचमुळे: विटांचा चुरा, उघडी माती, अधेमधे तण. आपण "ओसाड" म्हणून पत्रे ठोकून बंद करतो त्या जागेत त्यांना हवं ते सगळं असतं.

आपल्या हवेत काय होतं

वरची बरीचशी माहिती थंड देशांतली आहे आणि ती जशीच्या तशी कोकणात आणून लावता येत नाही. तिकडचा कठीण काळ म्हणजे हिवाळा. आपला कठीण काळ म्हणजे एप्रिल-मेची तापलेली जमीन आणि त्यानंतर लगेच तुंबलेलं पाणी. उन्हाळ्यात पाला आणि दगडाखालची ओल, पावसाळ्यात थोडी उंच कोरडी जागा, अशी दोन वेगळी घरं इथे लागतात.

दुसरा फरक मुंग्यांचा. उष्ण प्रदेशात तणाचं बी पळवण्यात मुंग्या पुढे असतात. फिलिपिन्समधल्या भातशेतांत केलेल्या अभ्यासात बी उचलण्याचं बरंचसं काम लाल मुंगीने केलं होतं. रातकिडेही हातभार लावतात. त्यामुळे "भुंगेरे आणा, तण घालवा" असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. इथे भुंगेरा हा बी खाणाऱ्या मोठ्या टोळीतला एक, मुख्यतः रात्रपाळीचा.

भातात मात्र या कुळाची एक शिकारी जात आपलं काम चोख करते. ओफिओनिया, लालसर अंगावर निळसर काळे पट्टे असलेली, चपळ. ती भाताच्या चुडावर चढून तुडतुडे आणि पानं गुंडाळणाऱ्या अळ्या खाते. कर्जत-पनवेलच्या खाचरांत कीटकनाशक मारण्याआधी दहा मिनिटं वाकून बघितलं तर असे मित्रकीटक दिसण्याची चांगली शक्यता असते.

पेरलेलं बी नाही का खाणार?

शंका रास्त आहे. युरोप आणि मध्यपूर्वेत झाब्रस नावाचा याच कुळातला भुंगेरा गव्हाची कीड म्हणून बदनाम आहे; त्याची अळी कोवळी रोपं खाते. हार्पालस रुफिपेस स्ट्रॉबेरीच्या फळावरचं बी कुरतडून नुकसान करतो. पण साधारणपणे पेरलेलं बी मातीखाली असतं आणि तणाच्या बियांपेक्षा खूप मोठं. पावटा, वाल, मका यांचे दाणे या भुंगेऱ्यांच्या जबड्यात मावणारे नाहीत. जपायचं ते वर फेकून पेरलेल्या बारीक बियाण्याला: माठ, राजगिरा, मेथी. वसईच्या वाडीत अशा वाफ्यावर हलकी माती ओढून देतात, तेवढं पुरतं.

उलट दिशेची शंकाही हवी. लव्हाळा आणि हरळी यांच्यावर भुंगेऱ्यांचा इलाज नाही. लव्हाळा जमिनीखालच्या गाठींतून फुटतो, हरळी खोडाच्या कांड्यांतून पसरते. ज्याचा त्रास बियांतून नाही, तिथे बी खाणारा काय करणार? काटेमाठ, कुर्डू, घोळ, गाजरगवत ही बियांवर जगणारी तणं. अशांच्या बाबतीतच भुंगेऱ्यांकडून काही अपेक्षा ठेवता येते. गाजरगवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगेरा मात्र यांचा सख्खा नव्हे. तो पानं खाणाऱ्या वेगळ्या कुळातला, १९८०च्या दशकात मुद्दाम परदेशातून आणलेला.

गवत ठेवलं की उंदीर आणि साप आलेच

हा आक्षेप शेतकरी घेतो तेव्हा तो बरोबर असतो. भाताच्या बांधात उंदीर बिळं करतात, आणि बांध अरुंद व बुटका ठेवावा अशी शिफारस याचसाठी केली जाते. पिकाच्या ऐन दाण्यात उंदरांनी खाचर साफ केलं तर भुंगेऱ्यांचं कौतुक कोण ऐकेल? माझं मत असं की भातखाचराच्या बांधावर गवत ठेवू नये आणि गवताचा पट्टा ठेवायचा तर भाजीपाल्याच्या वरकस जमिनीत, कुंपणालगत, घरापासून दूर ठेवावा.

भाजणीबद्दलही लोक विचारतात. ठाणे-रायगडमध्ये रोपवाटिकेच्या जागी शेण-पाला पसरून राब भाजतात. वरच्या थरातलं तणाचं बी त्यात जळतं. ती आग एका वाफ्यापुरती असते, तेवढ्याने भुंगेऱ्यांचं घर जात नाही. माळरानाला लागणारे वणवे हा निराळा प्रकार. तिथे आडोसा, अळ्या, बी, सगळंच जातं. नांगरणी टाळणाऱ्या पद्धती, जशी नेरळहून पसरलेली सगुणा भात पद्धत, जमिनीतल्या जिवांना सोयीच्या आहेत. मात्र नांगराऐवजी तणनाशकावर भिस्त ठेवली तर आडोसा पुन्हा नाहीसाच होतो.

सोसायटीच्या आवारात

मुंबईत शेत नाही, पण माती आहे. अजून थोडी. पेव्हर ब्लॉकने ती दरवर्षी थोडी थोडी झाकली जाते, झाडाच्या बुंध्यापर्यंत. उरलेल्या वाफ्यातला पाला रोज सकाळी खराट्याने ओढून पिशवीत भरला जातो. रात्री आवारभर पांढरेशुभ्र एलईडी. पावसाळ्यात धूरफवारणी. मग जून-जुलैत वाफ्यांत तण माजतं आणि माळ्याला निंदायला जादा पैसे मोजावे लागतात. तण आवरण्यात ज्यांची मदत झाली असती त्यांना राहायला जागाच ठेवलेली नसते.

"पाला ठेवला की डेंग्यूचे डास होतील" हा सभेतला ठरलेला मुद्दा. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: कुंडीखालची ताटली, टायर, करवंटी, ताडपत्रीची घडी. मातीवर पसरलेल्या पाल्यात नाही. पाल्याच्या ढिगात प्लॅस्टिकचे कप अडकले असतील तर ते काढा, पाला राहू द्या. कंपाउंडच्या भिंतीलगत हातभर रुंदीची पट्टी बिनझाडलोटीची ठेवली, दोन-चार दगड ठेवले आणि बागेतले दिवे खाली तोंड करून पिवळसर लावले तरी बराच फरक पडतो. दिव्याकडे ओढले गेलेले भुंगेरे तिथेच चकरा मारून थकतात आणि उरलेसुरले पालींच्या तोंडी जातात.

करून बघायचं असेल तर

संशोधक वापरतात ती युक्ती घरी जमते. बारीक सँडपेपरच्या पत्त्यासारख्या तुकड्यावर सौम्य गोंद लावून वाण्याकडच्या कच्च्या राजगिऱ्याचे मोजून तीस दाणे चिकटवा. राजगिरा हा काटेमाठाच्याच कुळातला, त्यामुळे बदली म्हणून चालतो. उरलेल्या गोंदावर बारीक वाळू भुरभुरा, नाहीतर मुंग्याच चिकटून बसतील. असे दोन तुकडे करा: एक झाडलोट होते त्या वाफ्यात, दुसरा पाला असलेल्या कोपऱ्यात, मातीच्या पातळीत ठेवा. वर सेंटीमीटरभर भोकांची जाळी उलटी घाला, म्हणजे कबुतरं, चिमण्या आणि उंदीर बाहेर राहतील. संध्याकाळी मांडून पहाटे मोजा. तसेच नवे तुकडे सकाळी मांडून संध्याकाळी मोजा. दिवसा दाणे अख्खे गायब झाले तर मुंग्यांकडे बघा. रात्री गेले आणि टरफलं तिथेच पडली असतील, तर फोडणारा बहुधा भुंगेरा किंवा रातकिडा. रात्री पाऊस पडला तर त्या तुकड्याचा आकडा धरू नका, गोंद सुटून दाणे वाहून गेलेले असू शकतात.